गाड्यांच्या शोरूममध्ये जादूगार म्हणून काम मिळवताना

गेल्या नऊ वर्षांत माझे निम्म्याहून अधिक काम मोटारगाड्यांच्या शोरूममध्ये झाले आहे. रंगमंचावरच्या पेट्या, पडदे आणि सहायक यांपैकी तेथे काहीही नसते. खिशात मावेल एवढे साहित्य असते आणि हाताच्या अंतरावर गाडी पाहायला आलेली माणसे असतात. ज्यांची जादू शिकून झाली आहे, ज्यांच्या हातात दहा-बारा प्रयोग पक्के बसले आहेत आणि आता काम कोठे शोधावे असा ज्यांना प्रश्न पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. प्रयोग कसे करावेत हा या लेखाचा विषय नाही.

शोरूमच्या मालकाला जादूगार कशासाठी हवा असतो, हे आधी समजून घ्यावे लागते. माझी पहिली दोन वर्षे याचा विचार न केल्यामुळे वाया गेली. गाडी घेणे हा घरातल्या मोठ्या खर्चाचा निर्णय असतो आणि त्यात वाट पाहण्याचे प्रसंग फार येतात. विक्री प्रतिनिधी मोकळा होण्याची वाट पाहावी लागते, टेस्ट ड्राइव्हला गेलेली गाडी परत येण्याची वाट पाहावी लागते, कर्जाच्या कागदांवर कोणी तरी आत सही करून आणीपर्यंत बसून राहावे लागते. सर्व्हिसिंगला गाडी देऊन थांबलेल्या माणसाचे तर दोन-दोन तास जातात. या वेळात मुले कंटाळतात, मुले कंटाळली की आईवडील घाईला येतात, आणि ‘पुन्हा येऊ’ असे सांगून गेलेले कुटुंब परत येईलच याची खात्री नसते. जादूगार या रिकाम्या वेळेवर काम करतो. अमेरिकेत एडी टलॉक यांच्यासारख्या जादूगारांनी व्यापारी प्रदर्शनांत पत्त्यांच्या जोरावर स्टॉलभोवती गर्दी जमवून दाखवली आणि त्यातून एक वेगळी व्यावसायिक वाट तयार झाली; परंतु प्रदर्शनात गर्दी जमवायची असते आणि शोरूममध्ये आलेल्या माणसाला प्रसन्न ठेवायचे असते. हा फरक लक्षात आला की प्रस्ताव कसा लिहावा हेही कळते.

सुरुवातीला मी चाळीसएक शोरूमना एकसारखे पत्र पाठवले होते. त्यात माझी बक्षिसे, माझे कार्यक्रम आणि माझी छायाचित्रे होती. एकाही पत्राचे उत्तर आले नाही, आणि आज ते पत्र पुन्हा वाचताना त्याचे कारण स्पष्ट दिसते: त्यात माझ्याविषयी सर्व काही होते, शोरूमविषयी एक ओळही नव्हती. त्यानंतर मी एका शोरूमच्या सर्व्हिसिंग विभागाच्या प्रतीक्षा कक्षात, तेथल्या व्यवस्थापकाची रीतसर परवानगी घेऊन, एक सकाळ नुसती बसून राहिले. किती माणसे थांबतात, सरासरी किती वेळ थांबतात, त्यांपैकी मुले किती, लोक उठून कोठे जातात, हे वहीत टिपले. दुसऱ्या दिवशी त्याच व्यवस्थापकाला एका पानाचा प्रस्ताव दिला. त्यात त्यांच्याच कक्षातली माझी निरीक्षणे होती आणि खाली एकच मागणी होती: पुढच्या आठवड्यात अर्धा तास मला येथे काम करू द्या. मला मिळालेले पहिले काम ते हेच.

मॅक्स मॅलिनी (१८७३–१९४२) या जादूगाराचे उदाहरण मला याबाबतीत मार्गदर्शक वाटते. क्लब आणि हॉटेलांत लोकांमध्ये मिसळून, मागून घेतलेल्या साध्या वस्तूंवर तो जादू करीत असे आणि त्या ओळखींतूनच त्याच्या पुढच्या कार्यक्रमांची तिकिटे खपत असत. शोरूमच्या व्यवस्थापकाचेही असेच आहे. माहितीपत्रक तो बाजूला ठेवून देतो. परंतु स्वागतकक्षातली कर्मचारी आपल्या मुठीतल्या एका चेंडूचे दोन झालेले पाहून ओरडली, तर आतल्या खोलीतला माणूस बाहेर येतोच. म्हणून भेटीला जाताना लॅपटॉपपेक्षा दोन मिनिटांचा एक उत्तम प्रयोग बरोबर असावा.

भेट कोणाची घ्यावी, हाही प्रश्न येतो. लहान शोरूममध्ये मालक स्वतः निर्णय घेतो, मोठ्या ठिकाणी विक्री व्यवस्थापक किंवा जाहिरातीचे काम पाहणारी व्यक्ती. शनिवार-रविवार आणि महिन्याचे शेवटचे दिवस हे त्यांच्या धावपळीचे असतात, कारण विक्रीचे लक्ष्य महिन्यावर किंवा तिमाहीवर मोजले जाते. त्या दिवशी गेलेला पाहुणा नकोसा होतो. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, शोरूम उघडल्यानंतर तासाभराने जावे. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या अनेकदा विक्रेत्यांच्या स्थानिक जाहिरातखर्चाचा काही वाटा उचलतात आणि त्यासाठी कार्यक्रमाचा आराखडा आधी मंजूर व्हावा लागतो. तेव्हा नव्या मॉडेलच्या अनावरणाचे काम हवे असेल तर कार्यक्रमाच्या आठवड्यात विचारणा करून उपयोग नाही, दीड-दोन महिने आधी जावे. मोठे अनावरण बहुधा कार्यक्रम-व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेकडे असते. त्यांच्याकडेही आपले नाव जरूर द्यावे, मात्र शोरूमशी थेट जुळलेले नाते अधिक टिकते असा माझा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीला मी सर्वांत अधिक महत्त्व देते, तिच्याकडे येते. गाडी घ्यायला आलेला माणूस आधीच सावध असतो. सांगितलेली किंमत खरी आहे का, आपल्यापासून काही लपवले जात आहे का, ही शंका त्याच्या मनात असते. अशा जागी फसवणूक हा विषय असलेली जादू करणे घातक ठरते. माझ्या तिसऱ्या कामाच्या वेळी मी एका दांपत्याला तीन पत्त्यांचा प्रयोग दाखवला. राणी कोठे आहे ते ओळखा असे म्हणायचे, आणि प्रेक्षक दर वेळी चुकतो. प्रयोग अचूक झाला आणि दोघेही हसले. नंतर प्रतिनिधीने हप्त्यांचा तक्ता समोर ठेवताच त्या गृहस्थांनी विचारले, “यातही राणी सापडणार नाही ना?” ते विनोदाने बोलले होते, पण त्यानंतर त्यांनी प्रत्येक आकडा दोनदा तपासायला लावला आणि गाडी न घेताच ते निघून गेले. व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन शांतपणे सांगितले की, तुमचा प्रयोग चांगला होता, पण तो आमच्या टेबलाजवळ नको. त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते.

तेव्हापासून जुगाराचे, पैसे गायब होण्याचे, प्रेक्षकाला चुकवून दाखवण्याचे सर्व प्रयोग मी शोरूमसाठी बाद केले. त्यांच्या जागी असे प्रयोग घेतले, ज्यांत जादू प्रेक्षकाच्या हातात घडते आणि जिंकतोही तोच. स्पंजचे चेंडू मुलाच्या बंद मुठीत एकाचे दोन होतात. असमान लांबीच्या तीन दोऱ्या समान होतात आणि त्या ओढून पाहण्याचा मान प्रेक्षकाला मिळतो. पाच किल्ल्यांपैकी ग्राहकाने स्वतः निवडलेली एकच किल्ली पेटीचे कुलूप उघडते आणि आत शोरूमची लहानशी भेट असते. किल्ल्या आणि कुलूप हा मनोजादूतला, म्हणजे मनातले ओळखल्याचा भास देणाऱ्या जादूतला, जुना विषय आहे आणि गाड्यांच्या जागी तो आपोआप शोभतो. मात्र येथे एक मर्यादा कसोशीने पाळावी. शोरूमने खरी सोडत जाहीर केली असेल आणि प्रत्येकाला समान संधी असल्याचे सांगितले असेल, तर त्या सोडतीला जादूगाराचा हात लागता कामा नये. निकाल आधी ठरवता येतो हेच तर आपले कौशल्य, आणि तेथे ते वापरणे म्हणजे लबाडी होय. अनेक देशांत सोडतींना स्वतंत्र कायदेही लागू असतात. एका व्यवस्थापकांनी मला तशी विनंती केली होती. मी नकार दिला आणि ते काम गेले. ते गेल्याचे मला आजही वाईट वाटत नाही.

विक्री प्रतिनिधींशी जुळवून घेणे हा या कामाचा दुसरा कठीण भाग आहे. त्यांचे उत्पन्न बरेचदा विक्रीच्या मोबदल्यावर अवलंबून असते, त्यामुळे नेमक्या क्षणी मध्ये आलेला जादूगार त्यांना अडथळा वाटतो, आणि तो तसा असतोही. माणसे किमतीवर बोलू लागली की आपण दूर असले पाहिजे. यासाठी मी कामाच्या आधी पंधरा मिनिटे सर्व प्रतिनिधींना भेटते आणि एक खूण ठरवते: टेबलावर माहितीपुस्तिका पालथी ठेवलेली असेल तर मी तिकडे फिरकत नाही, उभी असेल तर माझी तेथे गरज आहे. माझा कोणताही संच सहा-सात मिनिटांपेक्षा लांब नसतो आणि प्रत्येक प्रयोग असा असतो की, प्रतिनिधीने “या, गाडी तयार आहे” म्हणताच तो अर्ध्या मिनिटात सुखरूप संपवता येईल. हे जमायला सराव लागतो. घरी सराव करताना कोणाला तरी मध्येच हाक मारायला सांगावे.

प्रतिनिधींचे नाव घेऊन प्रयोग करणे हीदेखील माझी एक आवडती पद्धत आहे. निवडलेला पत्ता मी न शोधता प्रतिनिधीच्या खिशातून निघावा, अशी योजना मी करते. ग्राहक त्याच्याकडे पाहून हसतो, दोघांमधला ताठरपणा कमी होतो आणि पुढची बोलणी मोकळेपणाने सुरू होतात. टाळ्या त्याला मिळाल्या तरी चालतील, कारण पुढच्या वेळी मला बोलवा असे व्यवस्थापकांना सांगणारा तोच असतो.

जागेविषयी नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे तपशिलात सांगते. शोरूमच्या भिंती काचेच्या असतात, गाड्यांचे पत्रे आरशासारखे चकाकतात आणि शिवाय प्रत्येक गाडीला स्वतःचे आरसे असतात. मागून दिसणारा हात एखाद्या काळ्या गाडीच्या दारात स्वच्छ प्रतिबिंबित होतो. पाठीशी भिंत किंवा उंच फलक येईल अशी जागा लोक येण्याआधीच हेरून ठेवावी आणि एका बाजूने उघडे पडणारे प्रयोग घरी ठेवावेत. बसून मांडीवर वस्तू सोडण्याच्या युक्त्या येथे चालत नाहीत, कारण आपण उभेच असतो. टणक फरशीवर पडलेल्या नाण्याचा आवाज सबंध दालनात घुमतो. बॉनेटवर पत्ते, नाणी, कप यांपैकी काहीही ठेवू नये; रंगावर उमटलेला एक ओरखडा तुमच्या मानधनापेक्षा महाग पडू शकतो. मी काम करताना अंगठी, धातूचे बक्कल असलेला पट्टा आणि लोंबणारे ओळखपत्र वापरत नाही.

आग अजिबात नको. क्षणात भडकून नाहीसा होणारा कागद नायट्रोसेल्युलोजचा असतो, आणि जेथे इंधन भरलेल्या गाड्या उभ्या आहेत व छताला धूरसूचक यंत्रे लावलेली आहेत, तेथे तो खिशातही बाळगू नये. शक्तिशाली चुंबकांचे साहित्य लोकांच्या बँक कार्डांपासून आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींपासून दूर ठेवावे. मुलांसाठी फुगे वळून देणार असाल तर रबराची अॅलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारावे. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडी चालवण्याचा प्रयोग कधी ना कधी कोणी तरी सुचवतेच. एकोणिसाव्या शतकात वॉशिंग्टन आयर्विंग बिशप यांनी पट्टी बांधून घोडागाडी हाकण्याच्या प्रयोगांनी मोठी प्रसिद्धी मिळवली, तेव्हापासून त्या कल्पनेचे आकर्षण आहे. माझे मत स्पष्ट आहे: रहदारीच्या रस्त्यावर हे करू नये, आणि शोरूमच्या आवारातही करू नये. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत बसून चालकाला जादू दाखवणेही याच कारणाने वर्ज्य आहे.

मानधनाबाबत थोडक्यात सांगायचे तर, अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक विनामूल्य द्यावे, पूर्ण दिवस कधीही विनामूल्य देऊ नये. मी तासावर दर सांगते, परंतु किमान तीन तासांचे काम धरते आणि दर पंचेचाळीस मिनिटांनंतर पंधरा मिनिटांची विश्रांती करारातच लिहून घेते, कारण सलग बोलून घसा आणि हसू दोन्ही थकतात. रद्द झाल्यास काय, वेळ वाढल्यास काय, छायाचित्रे कोण वापरणार, साहित्य कोठे ठेवायचे, हे सर्व लेखी असावे आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. इतरांना किंवा मालमत्तेला झालेल्या हानीची भरपाई करणारा विमा असल्याशिवाय मोठी शोरूम दारात उभे करीत नाहीत. १९०२ साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्स, १९०५ सालचे लंडनचे मॅजिक सर्कल किंवा १९२२ सालची इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स यांसारख्या संस्थांशी संबंध असला, तर अशा बाबींत अनुभवी लोकांचा सल्ला मिळतो.

काम संपल्यानंतर दोन दिवसांत मी व्यवस्थापकांना एक पान पाठवते. किती कुटुंबांसमोर प्रयोग झाले, कोणत्या वेळी गर्दी होती, मुले कोठे रेंगाळली, प्रतीक्षा कक्षातले किती जण जागेवर थांबले, एवढेच त्यात असते. माझ्यामुळे किती गाड्या विकल्या गेल्या असा दावा मी कधीही करीत नाही, कारण तो सिद्ध करता येत नाही आणि प्रतिनिधींच्या मेहनतीवर तो अन्याय ठरतो. पानाच्या शेवटी एक प्रश्न असतो: पुढच्या महिन्यात सर्व्हिसिंगसाठी सर्वांत जास्त लोक थांबतात तो दिवस कोणता? अनावरणे वर्षातून दोन-तीनदा होतात, सर्व्हिसिंग मात्र रोज चालते. माझ्या नियमित कामांपैकी बहुतेक या एका प्रश्नाच्या उत्तरातून आलेली आहेत.