इंदुरात घरबसल्या चंद्राचा ग्रॅव्हिटी मॅप कसा काढायचा

भिया लोकहो, टेलिस्कोप लागत नाही, आणि तसंही राजवाड्याकडच्या लायटींपुढे आकाशात दिसतंय काय! लॅपटॉप, थोडं पायथन आणि चिकाटी, बस.

ग्रॅव्हिटी मॅप म्हणजे चंद्राची ओढ कुठे जास्त, कुठे कमी त्याचा नकाशा. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाखाली जास्त वस्तुमान आलं की यानाचा वेग किंचित बदलतो आणि पृथ्वीवर पोचणाऱ्या त्याच्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी सरकते, हाच डॉप्लर. एस-बँडवर, म्हणजे साधारण २.३ गिगाहर्ट्झला, सिग्नल जाऊन परत येत असेल तर वेगात सेकंदाला १ मिलिमीटरच्या बदलाने जेमतेम ०.०१५ हर्ट्झ फरक पडतो, आणि तो मोजता येतो. १९६८ मध्ये मुलर आणि शोग्रेन यांनी नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांच्या डॉप्लरमधूनच मॅसकॉन, म्हणजे जमिनीखाली जादा वस्तुमान साठलेल्या जागा, शोधले, चंद्रावरच्या इम्ब्रियम, सेरेनिटाटिस वगैरे काळ्या मैदानांखाली.

आता काम. नासाच्या पीडीएस आर्काइव्हमधून (मोहिमांच्या डेटाचा खुला साठा) लूनर प्रॉस्पेक्टर यानाच्या (१९९८-९९) लाइन ऑफ साइट अॅक्सिलरेशनच्या फाइली, म्हणजे पृथ्वीच्या दिशेने यानाचा वेग किती झपाट्याने बदलतोय त्याचे तयार आकडे, उतरवा. रॉ डॉप्लरच्या नादी लगेच लागू नका, त्यात पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं, चंद्राची चाल, वातावरण, सूर्यप्रकाशाचा दाब हे सगळं आपणच वजा करायचं असतं आणि मग जे उरतं तो आपला माल. पुढे कधी रॉ घेतलाच तर उरलेल्या वेगाला आधी स्प्लाइन (ठिपक्यांतून जाणारी गुळगुळीत रेघ) बसवा, मगच तिचा उतार, म्हणजे अॅक्सिलरेशन, काढा, नाहीतर नॉइज असा फुगतो की मॅसकॉन कुठला नि कचरा कुठला कळत नाही. यानाचे थ्रस्टर (दिशा-वेग बदलायची छोटी इंजिनं) चालवलेल्या वेळेचे तुकडे डेटातून सरळ उडवा.

मग अक्षांश-रेखांशावर ठिपके टाका, रंग मिलिगॅलप्रमाणे (ग्रॅव्हिटीतले बारीक फरक मोजायचं एकक). इथे एक गोम आहे, आपल्याला फक्त पृथ्वीच्या दिशेचा घटक मिळतो. आपल्याला दिसणाऱ्या चंद्राच्या चकतीच्या मधोमध तो जवळजवळ उभा असतो, म्हणून तिथला नकाशा बिनधास्त वाचा, पण कडेला तो आडवा होतो आणि तिथले आकडे वाचताना लोक हमखास फसतात. चिन्ह पण बघून घ्या: मधोमध मॅसकॉनची ओढ यानाला पृथ्वीपासून लांब नेते.

चंद्राची मागची बाजू कोरीच राहणार, यान चंद्राआड गेलं की सिग्नल बंद. त्यासाठी जपानच्या कागुया यानाने सिग्नल पुढे पाठवणारा रिले उपग्रह वापरला, आणि २०१२ मध्ये नासाच्या ग्रेल मोहिमेच्या दोन यानांनी तर एकमेकांमधलं अंतरच मोजलं.

शेवटी पडताळणी. पायएसएचटूल्समध्ये (यासाठीची पायथन लायब्ररी) ग्रेलचं ग्रॅव्हिटी मॉडेल लोड करा, डिग्री ६० च्या आसपास कापा, म्हणजे त्याहून बारीक तपशील गाळा, आणि पृष्ठभागावर नाही तर यानाच्याच उंचीवर, सुरुवातीला साधारण १०० किलोमीटर, ग्रॅव्हिटी काढून आपल्या ठिपक्यांशी ताडून बघा.