गुरू न करता देव शोधताना

मी रावेरकडचा केळी पिकवणारा शेतकरी. ७ वर्षं एका बुवांच्या मागे फिरलो, पावत्या फाडल्या, मन होतं तिथंच राहिलं. नंतर घरच्या घरी जे जमलं, ते सांगतो.

पहाटे मोटार चालू करण्याआधी बांधावर बसा. २० मिनिटं पुरतात. मोबाईल घरीच ठेवा. सातपुड्याकडे तोंड असलं तर बरं, पण ती अट नाही. श्वास आत येताना नाकपुडीत गार लागतो, बाहेर जाताना कोमट; लक्ष तिथंच ठेवा. मंत्र नको. मन उधारीकडे, भाऊबंदकीच्या वादाकडे पळेल. पळालं हे ज्याला कळतं, त्याच्याकडे हळूच वळा. तो कळणारा रागावत नाही, घाबरत नाही. मी त्यालाच देव म्हणतो.

पहिले दोन महिने नुसती झोप येते. येऊ द्या. मला पहिल्यांदा जमलं ते बसून नव्हे, केळीची पिलं, म्हणजे बाजूला फुटलेले कोंब, कापताना. विळा बुंध्याशी लागला, चिकाचे थेंब मनगटावर आले, आणि क्षणभर कापणारा ‘मी’ कुठं सापडेचना. डोळे भरून आले.

म्हणून काम सोडू नका. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. ओव्या सुचायच्या त्या जात्यावर, शेतात. भाकरी थापताना आपल्या हातांकडे बघा, तेवढंच.

अनुभव मोजत बसू नका. एकच तपासा, घरात आवाज पूर्वीइतका चढतो का? माझ्या आईनं ते माझ्याआधी ओळखलं. “आताशा जेवताना बोलतोस रे,” म्हणाली, आणि ताटात आणखी भरीत वाढलं.