वुडन फ्लोअरिंगची नक्षी निवडण्याआधी

दुकानदार आधी नक्षी दाखवतो. तुम्ही आधी बाल्कनीचं दार बघा. घोडबंदर रोडला खाडीच्या बाजूला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. तीच दमट हवा लाकूड पितं आणि फुगतं. आमच्या बेडरूममध्ये कारागिरानं पट्ट्या थेट भिंतीला टेकवल्या, आणि पहिल्याच पावसाळ्यात बाल्कनीच्या दारापाशी जमीन भाजलेल्या पापडासारखी उचलली गेली.

म्हणून पहिलं काम ओल तपासण्याचं. लादीच्या सांध्यांवर हातभर प्लास्टिक पसरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं, तर आधी गळती शोधा. खरेदी नंतर.

मग माल ठरवा. इंजिनिअर्ड वुडमध्ये खाली प्लायसारखे आडवे-उभे थर आणि वर २ ते ४ मिमी खरं लाकूड असतं. हे अख्ख्या लाकडापेक्षा कमी फुगतं-आकसतं. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा छापील फोटो. स्वस्त, पण सांध्यात पाणी शिरलं की कडा फुगतात आणि पॉलिश करून सुधारता येत नाहीत. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली पट्टी. ती पाण्याला दाद देत नाही, मात्र ते लाकूड नव्हे. माझं मत विचाराल तर हॉलला इंजिनिअर्ड, आणि बाथरूमच्या दारापाशी एसपीसी किंवा आहे ती लादीच बरी.

आता नक्षी. हेरिंगबोन म्हणजे मासळीचा काटा. पट्ट्यांची टोकं सरळ कापलेली, एकीचं टोक दुसरीच्या कुशीला लागतं. शेव्हरॉनमध्ये टोकं तिरकी कापून समोरासमोर भिडवतात, त्यामुळे मधोमध सरळ रेघ उमटते. ती जराशी चुकली तरी डोळ्यात खुपते, म्हणून कारागीर मुरलेला हवा. व्हर्सायच्या चौकटी, म्हणजे आत तिरक्या पट्ट्या गुंफलेले मोठे चौकोन, मोठ्या दिवाणखान्यालाच शोभतात. फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात १६८४मध्ये त्या आल्या, कारण संगमरवर सारखा धुऊन खालच्या तुळया कुजत होत्या. पाण्याचं दुखणं तिथेही होतंच!

कॅटलॉगवर विसंबू नका. लाकडी पट्टीच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापा, चार ओळी जमिनीवर मांडा आणि संध्याकाळी दारात उभं राहून बघा. बाणाचं टोक खिडकीकडे ठेवलं तर खोली लांब वाटते. पलंगाखाली अर्धी नक्षी झाकली जाणार असेल, तर तो खर्च पॅसेजमध्ये करा.

मोजमाप करताना १५ टक्के जास्त धरा, कारण तिरक्या कापांत तुकडे वाया जातात. ११० चौरस फुटांच्या खोलीला साधारण १२७ चौरस फूट माल लागेल, आणि तो एकाच बॅचचा घ्या. १४ मिमी पट्टी आणि तिच्याखालचा २ मिमी फोम मिळून जमीन १६ मिमी वर येते. दारं खालून तासावी लागतील का, ते आधीच बघा.

खोकी ४८ तास त्याच खोलीत पडू द्या. काम दसऱ्यानंतर काढा. सोसायटीची परवानगीही घेऊन ठेवा. कारागिराला खोलीच्या मधोमध सूत मारून तिथूनच सुरुवात करायला सांगा आणि भिंतीपाशी ८ ते १० मिमी फट सोडायला लावा. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते.

फरशी बसली की पहिल्याच दिवशी कामाला येणाऱ्या मावशींना फडकं पिळून दाखवा: बादलीवर धरलं तर एक थेंबही पडता कामा नये.