घर सोडल्यावर डिपॉझिटमधून पैसे कापले तर काय विचारायचं

मी आजवर सहा भाड्याची घरं सोडली. पहिल्या घराचं जवळजवळ अर्धं डिपॉझिट कापलं गेलं. घरमालकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "रंग, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती." बेसिनची चीर मी राहायला जायच्या आधीपासून होती, पण दाखवायला माझ्याकडे एक फोटोही नव्हता. मी गप्प बसले. पुढे चौथ्या घराच्या वेळी पुन्हा तोच प्रसंग आला, आणि तेव्हा बहुतेक पैसे परत मिळाले. मधल्या काळात जे शिकले ते इथे सांगते.

आधी झीज आणि नुकसान वेगळं करा. माणूस राहतो म्हणून घर जे जुनं होतं ती झीज: भिंतीचा रंग फिका पडतो, पडदे उन्हाने विटतात, दाराच्या मुठीची चकाकी जाते. याची किंमत दर महिन्याच्या भाड्यात आलेली असते, ती डिपॉझिटमधून पुन्हा घ्यायची नसते. निष्काळजीपणाने किंवा न विचारता केलेल्या बदलाने होतं ते नुकसान: फुटलेली काच, गालिच्यावर इस्त्रीचा डाग, परवानगी नसताना ड्रिलने पाडलेली भोकं. ते भरून देणं आपलं काम.

खरी भांडणं मधल्या गोष्टींवरून होतात, आणि त्यात सगळ्यात वाईट भिंतीवरची बुरशी. बाहेरची भिंत पाझरत असेल किंवा आतला पाइप गळत असेल तर ती जबाबदारी मालकाची. खिडक्या बंद ठेवून महिनोन्‌महिने खोलीतच कपडे वाळवले असतील तर आपली. म्हणून ओल दिसली की त्याच दिवशी फोटोसह लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं दोन वर्षांनी कोणाला आठवत नाही, आणि उशिरा कळवलं तर वाढलेल्या नुकसानीचा भार आपल्याकडे येतो.

आता वस्तूच्या वयाचा मुद्दा. हा बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतो, म्हणून जरा सविस्तर. वापरून जुनी झालेली वस्तू खराब झाली, तर नव्या वस्तूची पूर्ण किंमत आपल्याकडून घेणं योग्य नाही. तिचं जेवढं आयुष्य उरलं होतं तेवढ्याचेच पैसे लागू होतात. समजा, गालिचा 10 वर्षं टिकेल असं धरलं आणि तो 7 वर्षांचा असताना तुमच्या हातून जळला, तर किमतीच्या 30 टक्क्यांपर्यंतच मागणी रास्त. एक भिंत खराब झाली असेल तर एका भिंतीचा रंग, अख्ख्या घराचा नाही. आणि जे दुरुस्त होऊ शकतं त्याला दुरुस्तीचाच खर्च.

माझ्या चौथ्या घरात सिंकखालचा पाइप गळत होता आणि मी आठवडाभर कळवलं नाही. कपाटाचं एक दार फुगलं. ती चूक माझीच, आणि मी ती पहिल्याच पत्रात मान्य केली. पण मालकांनी चारही दारं नवी बसवण्याचा खर्च कापला होता. मी विचारलं, कपाट कधी केलं? 8 वर्षांपूर्वी. अशी दारं 12 वर्षं टिकतात असं धरलं तर एक तृतीयांश आयुष्य उरलेलं, आणि दार चारातलं एक. म्हणजे कापलेल्या रकमेचा बारावा हिस्सा. त्यांचं म्हणणं, नवं दार जुन्यांशी जुळणार नाही. तेही खोटं नव्हतं. शेवटी एका दाराच्या निम्म्या खर्चावर, म्हणजे आठव्या हिश्श्यावर मिटलं.

पत्र मी असं लिहिलं होतं, तुम्हीही वापरा:

"नमस्कार. डिपॉझिटमधून कापलेल्या रकमेबद्दल कृपया लेखी कळवावे: कोणत्या वस्तूसाठी किती रक्कम कापली, ती वस्तू कधी बसवली होती, मी राहायला आले तेव्हा ती कोणत्या स्थितीत होती, आणि कामाची पावती किंवा कारागिराचा लेखी अंदाज. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती आधी परत करावी, ही विनंती."

शेवटचं वाक्य गाळू नका. थोड्या कपातीच्या वादापायी सगळंच डिपॉझिट अडकून पडतं, ते त्याने सुटतं. पैसे आले आणि सोबत "हिशोब पूर्ण" असा निरोप असेल, तर लगेच उत्तर द्या की ही रक्कम मी एकूण येण्यातला एक भाग म्हणून स्वीकारते, उरलेल्या रकमेवरचा हक्क सोडलेला नाही.

थकलेलं भाडं, न भरलेलं वीजबिल, हरवलेली चावी, करारातली नोटीस न देता सोडलेलं घर, यावर वाद घालू नका. आणि शेवटच्या महिन्याचं भाडं "डिपॉझिटमधून वळतं करा" म्हणून परस्पर थांबवू नका. करार आपण मोडला की बाकीच्या मुद्द्यांवर आपली बाजू लंगडी पडते.

हे सगळं सोपं होतं ते दोन व्हिडिओंमुळे. एक सामान आणण्याआधी, एक सामान हलवून झाडलोट झाल्यावर, दोन्ही दिवसाउजेडी. नळ सोडून दाखवा, कपाटं उघडा, मीटरचा आकडा जवळून घ्या. त्याच दिवशी मालकांना ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. चाव्या देण्याआधी दोघांनी मिळून घर पाहावं, यादीवर सह्या कराव्यात, आणि किती चाव्या परत दिल्या तेही त्यावर लिहावं.

उत्तरच आलं नाही तर एक तारीख घालून शेवटचं पत्र पाठवा. डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं हे करारात किंवा तुमच्या ठिकाणच्या कायद्यात पाहा आणि तो मुद्दा पत्रात घ्या. त्यानंतर भाड्याचे वाद ऐकणारं प्राधिकरण किंवा न्यायालय. तिथे हेच व्हिडिओ, यादी आणि पत्रं लागतात, म्हणून पैसे जमा झाल्यावरही मी ती काही वर्षं जपून ठेवते.