आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) क्लिनिक ठरवण्याआधी एवढं विचाराच
आधी २०२१ च्या एआरटी कायद्याखालचं (मूल होण्यासाठीच्या अशा उपचारांचा कायदा) रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दाखवायला सांगा, आणि त्यावर लेव्हल २ आहे ना ते बघा, कारण लेव्हल १ वाल्यांना फक्त आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) करता येतं. सक्सेस रेट सांगितला की लगेच विचारा, हा टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचा की बाळ घरी नेलेल्यांचा, आणि माझ्या वयाच्या बायकांचा किती? खूप फरक पडतो. रिव्ह्यूत नुसते पाच स्टार बघू नका, बाळ झालेले खूश असणारच, पण ज्यांची सायकल (उपचाराची एक फेरी) फेल गेली त्यांच्याशी डॉक्टर नंतर नीट बोलले का, फोन उचलला का, इंजेक्शनं नि भ्रूण गोठवून ठेवण्याचा (फ्रीझिंगचा) खर्च आधीच सांगितला होता का, मी तरी हेच आधी वाचते.