अफेजियावर संशोधन करताय? या चुका टाळा

अफेजिया म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा बिघडणं किंवा जाणं. स्ट्रोकनंतर अशी गेलेली भाषा परत कशी येते, यावरचे प्रबंध मी बरीच वर्षं तपासतोय. विद्यार्थी बदलतात, चुका त्याच राहतात. त्यातल्या बहुतेक आकडेमोडीतल्या नसतातच. त्या झालेल्या असतात कितीतरी आधी, रुग्णासमोर चाचणीचा कागद घेऊन बसताना. मग नंतर कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, त्या निघत नाहीत.

नजर न तपासता आकलन तपासणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो. नवखा होतो तेव्हाची गोष्ट. एका गृहस्थांची आकलनाची चाचणी घेत होतो. कार्डावर चार चित्रं, दोन वर, दोन खाली. मी शब्द उच्चारायचा, त्यांनी बोट ठेवायचं. जवळजवळ निम्मी उत्तरं चुकली. मी ऐटीत लिहिलं, 'आकलन बरंच बिघडलेलं'. त्यांची बायको म्हणत होती, "अहो, त्यांना सगळं कळतं." घरचे असं म्हणतातच, असं मनात म्हणून मी सोडून दिलं.

काही महिन्यांनी फेरतपासणी झाली. या वेळी टेबलावर जागा नव्हती म्हणून सहकाऱ्याने कार्ड त्यांच्या डाव्या हाताला सरकवून ठेवलं, आणि उत्तरं धडाधड बरोबर यायला लागली. जुने कागद काढून बघितले, तर चुकलेल्या जवळपास प्रत्येक प्रश्नात बरोबर चित्र उजव्या बाजूला होतं. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात स्ट्रोक झाला की कधी कधी दोन्ही डोळ्यांची उजवीकडची अर्धी नजर जाते. त्यांना शब्द कळत होता, चित्रच दिसत नव्हतं. मग बाकीच्यांचे कागदही चाळले, आणखी तिघांचा हाच प्रकार निघाला. लिहून तयार असलेला निबंध गुंडाळून ठेवला.

तेव्हापासून मी चित्रं एकाखाली एक, उभ्या ओळीत आणि जरा डावीकडे ठेवतो. चष्मा आणि कानाचं यंत्र घरी राहिलं असेल तर त्या दिवशी चाचणीच घेत नाही.

याच्या बरोबर उलटी चूकही तितकीच चालते. हातात पेला धरून "पाणी हवं?" विचारायचं, रुग्णाने मान हलवली की 'आकलन उत्तम' लिहून मोकळं व्हायचं. त्याने शब्द ऐकला की पेला बघितला? शिवाय हो-नाहीच्या प्रश्नात नुसत्या अंदाजानेही निम्मे गुण मिळतात. हात मांडीवर ठेवा आणि प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी विचारा: एकदा उत्तर 'हो' येईल असं, एकदा 'नाही' येईल असं.

एकदाच मोजायचं आणि श्रेय थेरपीला द्यायचं

स्ट्रोकनंतर आठव्या दिवशी चाचणी, सहा आठवडे भाषेची थेरपी, पुन्हा चाचणी, गुण वाढले, झाला प्रबंध! अरे बाबा, त्या काळात काहीच केलं नाही तरी बहुतेकांचे गुण वाढतात. मेंदूची सूज उतरत असते, जिवंत पण गप्प पडलेले भाग पुन्हा कामाला लागत असतात. ही आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत सगळ्यात जोरात असते. तुलनेला दुसरा गट नसेल, तर तुम्ही थेरपी मोजली की कॅलेंडर, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 'व्हर्स' या थेरपीच्या अभ्यासात २४६ जण होते. सुरुवातीच्या आठवड्यांत जास्तीची, जोमाची थेरपी दिली, तरी १२ आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा जास्त दिसला नाही. तुलनेला गट नसता तर तीच सुधारणा बघून पेढे वाटले असते. याउलट २०१७ साली प्रसिद्ध झालेला जर्मनीतला अभ्यास. स्ट्रोकला किमान सहा महिने उलटलेले १५६ लोक, तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी, आणि तुलनेला थेरपीची वाट बघणारा गट. तिथे रोजच्या बोलण्यातली सुधारणा थेरपी घेणाऱ्यांतच दिसली. 'सहा महिन्यांनंतर काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी तो वाचावा.

मी थेरपीआधी तीन वेळा मोजतो, वेगवेगळ्या दिवशी, त्यातली एक खेप दुपारची, कारण थकलेला मेंदू वेगळंच बोलतो. आकडे अजून चढत असतील तर थांबतो. "सर, यात महिना जातो," अशी तक्रार येते. जाऊ दे की! घाई असेल तर दुसरा विषय घ्या.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

शिकवलेले शब्दच परीक्षेत विचारू नका. निदान न शिकवलेल्यांचे गुण वेगळे दाखवा. २०१९ च्या 'बिग कॅक्टस' अभ्यासात संगणकावरच्या सरावाने शिकवलेले शब्द सुधारले, गप्पा सुधारल्या नाहीत.

परक्या चाचणीचं नुसतं भाषांतर करू नका. बोस्टन नेमिंग टेस्ट म्हणजे चित्र बघून नाव सांगायची चाचणी. तिच्या ६० चित्रांत बीव्हर आणि अ‍ॅस्पॅरागस आहेत. जन्मात न पाहिलेल्या प्राण्याचं नाव आलं नाही, तर तो अफेजिया कसा?

जीभ-ओठ नीट हलत नसल्यामुळे बोबडं बोलणाऱ्याला अफेजियाच्या गटात घालू नका. त्याची भाषा शाबूत असू शकते.

'ब्रोकाचा भाग (डाव्या मेंदूतला पुढचा, बोलण्याशी जोडलेला भाग) बिघडला म्हणून ब्रोका अफेजिया (अडखळत, तुटक बोलणं)' हे वाक्य खोडा. १८६१ मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने लबोर्न्य नावाच्या ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याचं २००७ मध्ये एमआरआय वापरून पुन्हा परीक्षण झालं. इजा त्या भागापुरती नव्हती, खूप आत खोलवर गेली होती.

एकाच स्कॅनवरून 'उजवा मेंदू भाषा शिकला' असं ठोकू नका. २००६ च्या एका अभ्यासात १४ रुग्णांचे तीन वेळा स्कॅन केले. साधारण बाराव्या दिवशी मेंदूच्या उजव्या बाजूचं काम वाढलेलं होतं, पुढे वर्ष भरत आलं तेव्हा जोर पुन्हा डावीकडे सरकला होता. तुमचा स्कॅन कितव्या दिवसाचा, ते आधी लिहा.

आणि वेस्टर्न अफेजिया बॅटरी या अफेजिया मोजायच्या चाचणीत १०० पैकी ९३.८ गुण ओलांडले म्हणजे माणूस बरा झाला, असं धरू नका. माझ्याकडचे एक जण ९५ च्या पुढे गेले होते, पण घरी फोन वाजला की तो मुलीच्या हातात द्यायचे. शेवटच्या भेटीत मी आता प्रत्येकाला एक फोन करायला लावतो आणि गुपचूप शेजारी बसतो.