औषध पेशीत शिरतं कसं? बी.फार्म.ला नव्याने आलेल्यांसाठी

चौथ्या सेमिस्टरला फार्माकोलॉजीत, सहाव्याला बायोफार्मास्युटिक्समध्ये औषध पेशीत शिरण्याच्या मार्गांची तीच यादी येते: पॅसिव्ह डिफ्यूजन (आपोआप आवरण ओलांडणं), ॲक्टिव्ह ट्रान्सपोर्ट (ऊर्जा खर्चून वाहकाने आत नेणं), एंडोसायटोसिस (आवरणाने वेढून आत घेणं). यवतमाळकडच्या खेड्यांतून मराठी माध्यमात शिकून आलेली आमच्यासारखी पोरं ती पाठ करतात आणि पुढे जातात. मला ती उमगली फवारणीच्या हंगामात.

पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारून आलेल्या शेजारच्या काकांना दरदरून घाम सुटला, लाळ गळायला लागली, बाहुल्या बारीक झाल्या. काकू सारखं म्हणत होत्या, "तोंडात तं थेंबबी नाई गेला, मंग विष चढलं कसं?" प्रश्न अगदी बरोबर होता. पेशीचं आवरण स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचं असतं. काकांनी फवारलेल्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे रेणू लहान, बहुतेक भाररहित आणि चरबीत विरघळणारे. त्यामुळे भिजलेल्या शर्टाखालच्या कातडीतून ते रक्तात उतरतात, मेंदूतही पोचतात. म्हणूनच कपडे उतरवून अंग साबणाने धुणं हे दवाखाना गाठण्याआधीच करायचं असतं.

तिथे काकांना विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं आणि प्रॅलिडॉक्झिमही. दोन्ही का? ॲट्रोपिन टर्शरी अमाइन आहे, म्हणजे त्याच्या नायट्रोजनला तीन कार्बन जोडलेले. त्याचा भाररहित अंश मेंदूत शिरतो. प्रॅलिडॉक्झिमच्या नायट्रोजनवर कायमचा धन भार, त्यामुळे ते मेंदूत फारच कमी जातं. त्याचं मुख्य काम बाहेर, स्नायूंपाशी. काका बरे झाले. तुम्ही या दोन्ही रचना वहीत काढा आणि नायट्रोजनभोवती गोल करा. पानभर नोट्सपेक्षा ते जास्त शिकवतं.

आकारासाठी लिपिन्स्कीचा १९९७ चा नियम लक्षात ठेवा: तोंडावाटे घ्यायच्या औषधाच्या रेणूचं वजन शक्यतो ५०० डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आत. इन्सुलिन सुमारे ५,८०० चं, शिवाय पोटात पचून जातं, म्हणून सुई. वाहक प्रथिनांसाठी (रेणूंना आवरणापार नेणाऱ्या प्रथिनांसाठी) लेव्होडोपा हे पार्किन्सनचं औषध वाचा: डोपामाइन मेंदूत जात नाही, लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लांच्या वाहकावरून जातं.

मुलं हमखास अडकतात ती पीएचपाशी. ॲस्पिरिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो, ३.५. जठरात पीएच १.५ धरला तर शंभर रेणू भाररहित, एक भारित. लहान आतड्यात ६.५ ला एका भाररहित रेणूमागे हजार भारित. म्हणून ॲस्पिरिन कुठे शोषलं जातं याच्या उत्तरात "जठर" लिहून येतात, आणि मार्क जातात. बहुतांश शोषण लहान आतड्यातच होतं, कारण व्हिलाय आणि मायक्रोव्हिलाय या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांमुळे तिथलं क्षेत्रफळ जठराच्या कितीतरी पट आहे. शिवाय भाररहित रेणू आत गेले की रक्त त्यांना वाहून नेतं आणि मागचे भारित रेणू लगेच भाररहित होऊन त्यांची जागा घेतात.